कंपनीला व्हिसा लागत नाही, मालकाला लागतो

चोर्ला घाटाने जा किंवा अनमोडने, गोव्याहून बेळगावात शिरताना पिरनवाडी ओलांडली की खानापूर रस्त्यालगत उद्यमबाग लागते. ओतकामाचे कारखाने, लेथ आणि मिलिंग यंत्रांची लहानमोठी वर्कशॉप्स, हायड्रॉलिक यंत्रसामग्री तयार करणारे उद्योग आणि त्यांच्या शेजारी गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय, असा या वसाहतीचा संसार आहे. फलकावर कानडी, कागदपत्रांत इंग्रजी आणि कामगारांच्या बोलण्यात मराठी अशी तिथली त्रिभाषा. आपल्या वेर्णा, कुंडई किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींशी तिचे नाते केवळ रस्त्याचे नाही. दोन्हीकडचा लघुउद्योजक एकाच प्रकारच्या अडचणींतून जात असतो आणि एकाच प्रकारची स्वप्ने पाहत असतो. त्यातले एक स्वप्न म्हणजे परदेशात जाऊन स्वतःचा उद्योग थाटण्याचे.

हे स्वप्न जुने असले तरी २०२५ च्या उत्तरार्धात त्याला घाईचे रूप आले. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचे वाढीव आयातशुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले. पुढे वाटाघाटींनुसार हे दर हलत राहिले, परंतु निर्यातदाराच्या मनात जी शंका शिरायची ती शिरलीच. पाठोपाठ १९ सप्टेंबर २०२५ रोजी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा झाली. माल पाठवणे महाग होणार असेल तर तिकडेच बस्तान का बसवू नये, आणि मुलाला नोकरीचा व्हिसा मिळणार नसेल तर त्याला उद्योजकाच्या व्हिसावर का पाठवू नये, असे दोन प्रश्न त्यातून एकदम उभे राहिले. दोन्ही स्वाभाविक आहेत. मात्र उत्तर शोधताना एक मूलभूत भेद नजरेआड होतो आणि त्याची किंमत कधी वडिलोपार्जित जमिनीने, तर कधी चालत्या कारखान्याने मोजावी लागते.

तो भेद असा. परदेशात कंपनी स्थापन करण्यासाठी बहुतेक प्रगत देशांत व्हिसा लागत नाही. अमेरिकेतील कंपनीचा भागधारक बेळगावात बसून होता येते, ब्रिटनमधील कंपनीचा संचालक म्हापशात राहून होता येते. व्हिसा लागतो तो तिथे राहून ती कंपनी चालवण्यासाठी. मालकी आणि वास्तव्य हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत. पहिला सहज मिळतो म्हणून दुसराही मिळेल असे समजणे, ही या विषयातील सर्वांत महागडी समजूत होय.

एका उद्योजकाचे स्थलांतर

उद्योजक हद्द ओलांडतो तेव्हा त्याला नेमके काय लागते, याचे एक उदाहरण बेळगावच्याच इतिहासात आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्याचा कारखाना झाला, लोखंडी नांगर तयार होऊ लागले. शहराच्या नव्या वसाहतीसाठी, म्हणजे आजच्या टिळकवाडीच्या परिसरासाठी, त्यांना जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान दिले आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती अशी.

ब्रिटिश मुलखातून संस्थानात झालेले हे स्थलांतर आजच्या अर्थाने परदेशगमन नव्हते. तरीही एका राज्यकर्त्याने बाहेरच्या उद्योजकाला आपल्याकडे आणण्याचा तो स्वच्छ नमुना आहे. औंधच्या अधिपतींनी लक्ष्मणरावांचे भांडवल मोजले नाही, कारण ते फारसे नव्हतेच. त्यांनी पारखले ते माणसाचे हात आणि त्याची चिकाटी. आजची सरकारे असे पारखून माणूस घेत नाहीत. त्यांच्याकडे मापे आहेत आणि ती प्रामुख्याने चार आहेत: अर्जदाराचे राष्ट्रीयत्व, त्याचा पैसा, त्याच्या कल्पनेचे नावीन्य आणि मायदेशी चालू असलेला त्याचा उद्योग. यांपैकी पहिली तीन मापे उद्यमबागच्या कारखानदाराला बहुधा बसत नाहीत. चौथे बसते, पण अर्धेच.

राष्ट्रीयत्वाचे दार

अमेरिकेचा ई-२ हा व्हिसा लघुउद्योजकासाठी सर्वांत सोयीचा मानला जातो. त्यात गुंतवणुकीची ठरावीक किमान रक्कम नाही. उद्योगाच्या मानाने ती भरीव असली पाहिजे, एवढीच अट आहे. उद्योग चालू आहे तोवर व्हिसाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेता येते. मात्र तो फक्त ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार किंवा कायदेशीर व्यवस्था आहे त्यांच्या नागरिकांना मिळतो आणि भारत त्या यादीत नाही. भारतीय पारपत्रावर हे दार उघडत नाही, कितीही चांगला प्रकल्प अहवाल जोडला तरी.

गोव्यातील वाचकासाठी या मुद्द्याला एक खास पदर आहे. पोर्तुगाल पूर्वी या यादीत नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या अमेरिकी कायद्याने पोर्तुगीज नागरिकांसाठी ई-१ आणि ई-२ व्हिसाची वाट मोकळी केली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना जन्मनोंदणीच्या आधारे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळवता येते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याच कायद्यात पैसे गुंतवून राष्ट्रीयत्व मिळवलेल्यांसाठी त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्याची अट घातली आहे. वंशपरंपरेने राष्ट्रीयत्व मिळालेल्यांना ती लागू होत नाही. परिणाम असा की चोर्ला घाटाच्या एका बाजूच्या उद्योजकाला जे दार बंद आहे, ते दुसऱ्या बाजूच्या काही कुटुंबांना उघडे आहे. गुणवत्ता, भांडवल, अनुभव सारखाच. फरक आजोबांच्या जन्मदाखल्याचा.

म्हणून पोर्तुगीज पारपत्र घ्यावे काय? घाईने नको. भारतीय राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम यांनुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढवता येत नाही. नंतर ओसीआय कार्ड मिळाले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. युरोपीय संघात उद्योग काढण्यासाठी हे पारपत्र निश्चितच मोलाचे आहे, कारण त्यावर जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये व्हिसाविना राहून व्यवसाय करता येतो. ब्रिटनची गोष्ट मात्र बदलली आहे. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची वसाहत उभी राहिली ती युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या काळात. ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पारपत्रधारकालाही ब्रिटनमध्ये इतर परदेशी नागरिकांप्रमाणेच व्हिसा घ्यावा लागतो. जुन्या ऐकीव माहितीवर नागरिकत्वासारखा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

पैशाचे दार

अमेरिकेचा ईबी-५ हा गुंतवणूकदाराचा मार्ग भारतीयांना खुला आहे. मार्च २०२२ मधील सुधारणा कायद्यानुसार त्यासाठी १० लाख ५० हजार डॉलर, आणि ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर गुंतवावे लागतात. शिवाय १० पूर्णवेळ रोजगार निर्माण झाले पाहिजेत. ८ लाख डॉलर म्हणजे आजच्या विनिमय दराने सात कोटी रुपयांहून अधिक. लघुउद्योजकाजवळ एवढी संपत्ती असलीच तर ती यंत्रांत, शेडमध्ये आणि थकलेल्या बिलांत अडकलेली असते. ती मोकळी करायची म्हणजे कारखाना विकायचा.

इथे भारताचे नियमही आडवे येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी पाठवता येते. ८ लाख डॉलर जमवायचे तर कुटुंबातील चौघांची मर्यादा एकत्र करावी लागेल, किंवा एकट्याला चार आर्थिक वर्षे थांबावे लागेल. वर्षाला १० लाख रुपयांवरील अशा गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. परदेशी सल्लागारांच्या माहितीपत्रकांत हा हिशेब सहसा नसतो.

उद्योगाने परदेशात गुंतवणूक केल्यास मोकळीक अधिक आहे. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्थेला आपल्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत आर्थिक बांधिलकी स्वीकारता येते. या व्याख्येत एकल मालकीचा धंदा येत नाही. लहान वर्कशॉप्स बहुधा एकल मालकीचीच असतात. म्हणजे परदेशाचा विचार मनात आला की पहिले पाऊल वकिलातीच्या दिशेने टाकायचे नसते. ते सनदी लेखापालाच्या कार्यालयाकडे टाकावे लागते: आधी धंद्याची रचना बदलायची, त्याचे ताळेबंद स्वच्छ करायचे, मग पुढचे.

नावीन्याचे दार

ब्रिटनने १३ एप्रिल २०२३ पासून इनोव्हेटर फाउंडर हा व्हिसा सुरू केला. त्याआधीच्या योजनेत ५० हजार पौंडांच्या किमान गुंतवणुकीची अट होती, ती काढून टाकली. ऐकायला ही सवलत वाटते. पण तिच्या जागी आलेली अट अधिक कठीण आहे. मान्यताप्राप्त संस्थेने तुमची कल्पना नवी, व्यवहार्य आणि विस्तारक्षम आहे, असे प्रमाणित केले पाहिजे. त्या तपासणीचे शुल्क १ हजार पौंड, शिवाय पुढील दोन आढावा बैठकांचे प्रत्येकी ५०० पौंड. आधीपासून चालू असलेल्या व्यवसायात सहभागी होऊन हा व्हिसा मिळत नाही. इंग्रजीची पातळीही बरीच वरची लागते.

उद्यमबागची खरी ताकद कशात आहे? दिलेल्या नकाशाबरहुकूम, ठरल्या मापात, ठरल्या दिवशी हजारो नग तयार करून देण्यात. ओतीव भाग वर्षानुवर्षे सारखाच उतरला पाहिजे, हीच तर त्या धंद्याची प्रतिष्ठा. नावीन्याच्या तराजूत ही ताकद हलकी ठरते. एखादा तरुण अभियंता मोबाइलवरील ॲपची कल्पना घेऊन जाईल तर त्याचे ऐकून घेतले जाईल. त्याच्या वडिलांनी तीस वर्षे जो व्हाल्व्ह बिनतक्रार पुरवला, त्याला तिथे गुण नाहीत.

या दारांचा भरवसाही कमी. कॅनडाची स्टार्ट-अप व्हिसा योजना २०१३ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१८ मध्ये कायम झाली. साहस भांडवल संस्थेकडून २ लाख किंवा एंजल गुंतवणूकदारांकडून ७५ हजार कॅनडियन डॉलरची हमी, किंवा मान्यताप्राप्त इनक्युबेटरने प्रवेश देणे, असे तिचे निकष होते. थेट कायम वास्तव्य मिळत असल्याने अर्ज साचत गेले. २०२४ मध्ये प्रत्येक पुरस्कर्त्या संस्थेवर वर्षाला दहाच प्रस्तावांची मर्यादा आली आणि २०२५ अखेर योजनेचे दार नव्या अर्जदारांना बंद करण्यात आले. ऑस्ट्रेलियानेही आपली व्यवसाय आणि गुंतवणूक व्हिसा योजना २०२४ मध्ये गुंडाळली. चार वर्षांपूर्वीच्या माहितीवर आज पैसे भरणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

या गर्दीत जर्मनीचा मार्ग थोडा वेगळा आहे. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वयंव्यवसायासाठी परवान्याची तरतूद आहे. पूर्वी तिथे अडीच लाख युरो आणि पाच रोजगार असा दंडक होता, तो आता नाही. व्यवसायाला त्या भागात आर्थिक गरज किंवा हित आहे काय, त्याचा परिणाम अनुकूल होईल काय आणि भांडवलाची तजवीज आहे काय, एवढे पाहिले जाते आणि त्यासाठी स्थानिक उद्योग मंडळाचे मत घेतले जाते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराने उतारवयातील निर्वाहाची सोय दाखवावी लागते. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि धंदा नीट चालला तर पुढे कायम वास्तव्याची शक्यता असते. यंत्रोद्योगाची किंमत जाणणाऱ्या देशाचे हे निकष ओतकाम आणि हायड्रॉलिक क्षेत्रातील अनुभवी माणसाला तुलनेने न्याय देणारे आहेत. अडचण भाषेची. जर्मन शिकण्याची तयारी नसेल तर हा मार्ग कागदावरच राहतो.

चालू कारखान्याचे दार

उरते ते चौथे माप. अमेरिकेचा एल-१ए हा व्हिसा एकाच उद्योगसमूहातील व्यवस्थापकाला भारतातून तिथल्या शाखेत पाठवण्यासाठी आहे. शाखा आधीपासून असलीच पाहिजे असे नाही, नवे कार्यालय उघडण्यासाठीही तो मिळतो. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष भारतीय कंपनीत व्यवस्थापकीय काम केलेले असावे, अमेरिकेत जागा घेतलेली असावी आणि वर्षभरात तो व्यवसाय एका व्यवस्थापकाला पोसण्याइतका उभा राहील हे पटवून देता यावे. नव्या कार्यालयासाठी सुरुवातीला एकच वर्ष मिळते, पुढे मुदतवाढीसह कमाल सात वर्षे. पत्नीला किंवा पतीला तिथे नोकरी करता येते, ही जमेची बाजू.

या व्हिसाच्या तीन अटी लघुउद्योजकाने नीट वाचल्या पाहिजेत. पहिली अट, मायदेशी उद्योग चालू राहिला पाहिजे. उद्यमबागची शेड विकून अमेरिकेत गेलेल्याच्या पायाखालची कायदेशीर जमीनच सरकते. दुसरी अट, अर्जदार स्वतः कंपनीचा मालक असेल तर काम संपल्यावर त्याची परदेशात परत बदली होईल याचा पुरावा द्यावा लागतो. आणि तिसरी अट सर्वांत बोचरी आहे. काम मुख्यतः व्यवस्थापनाचे असले पाहिजे. कारागिरांवर थेट देखरेख करणारा मुकादम या व्याख्येत व्यवस्थापक ठरत नाही, मग स्वतः यंत्रावर काम करणारा तर दूरच.

आता आपल्या औद्योगिक वसाहतींतला मालक डोळ्यांसमोर आणा. सकाळी तो गेट उघडतो, कामगार आला नाही तर स्वतः लेथवर उभा राहतो, दुपारी बँकेत जातो, संध्याकाळी माल ट्रकमध्ये चढवून देतो. ज्या अष्टपैलूपणामुळे त्याचा कारखाना टिकला, तोच अष्टपैलूपणा या व्हिसाच्या अर्जात त्याच्या विरुद्ध जातो. त्याच्या गैरहजेरीत कारखाना चालवणारी दुसरी फळी असली पाहिजे, हे कायदा त्याला अप्रत्यक्षपणे सांगत असतो. ही अट परकीय सरकारची असली तरी सल्ला म्हणून ती वाईट नाही. मालक आठ दिवस आजारी पडला तर जो कारखाना बंद पडतो, तो दोन देशांत कसा चालणार?

ब्रिटनमध्ये याच धर्तीचा एक्सपान्शन वर्कर मार्ग एप्रिल २०२२ पासून आहे. तो फार तर दोन वर्षांचा असतो आणि त्यातून थेट कायम वास्तव्य मिळत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी सर्वंकष व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या असल्याने अभियांत्रिकी मालाच्या निर्यातदाराला तिथे शाखा उघडण्याचा मोह होणे साहजिक आहे. शाखा जरूर उघडावी, पण ती म्हणजे स्थलांतर नव्हे, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे.

आखाताची जवळची वाट

गोमंतकीयांना आखात नवे नाही. १ जून २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातीत मुक्त क्षेत्राबाहेरही बहुतेक व्यवसायांत परदेशी व्यक्तीला शंभर टक्के मालकी ठेवता येते. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. परवाना काढला की त्यासोबत वास्तव्याचा व्हिसा मिळण्याची व्यवस्था आहे, पात्र व्यक्तींसाठी दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही आहे. सुटे भाग तिथे साठवून आफ्रिका आणि पश्चिम आशियातील ग्राहकांना पुरवायचे असतील तर ही वाट व्यवहार्य ठरते. तिच्या मर्यादाही स्वच्छ आहेत. वास्तव्य परवान्याशी बांधलेले असते आणि त्यातून नागरिकत्व मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जून २०२३ पासून ३ लाख ७५ हजार दिरहमवरील नफ्याला ९ टक्के कंपनी करही आहे. करमुक्त दुबईची जुनी जाहिरात आता जशीच्या तशी लागू नाही.

सल्ला कोणाचा घ्यावा

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. उद्योजक व्हिसाचा सल्ला विकणाऱ्यांचा धंदा भरतीचा नसल्याने तो त्या चौकटीबाहेर राहतो. मात्र ज्या देशात जायचे तिथे बहुधा नियमन असते. कॅनडात सशुल्क सल्ला देणारा वकील किंवा तिथल्या अधिकृत मंडळाचा परवानाधारक सल्लागार असावा लागतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. अमेरिकेत कायदेशीर प्रतिनिधित्व वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधीच करू शकतो. ही नावे इंटरनेटवर तपासून पाहता येतात. जो सल्लागार व्हिसाची हमी देतो, शुल्काचा मोठा भाग रोख मागतो, किंवा प्रकल्प अहवाल आम्हीच लिहू, तुम्ही फक्त सही करा म्हणतो, त्याला दारातूनच नमस्कार करावा. मुलाखतीत त्या अहवालातील प्रत्येक आकड्याचा जाब सही करणाऱ्यालाच विचारला जातो. खोटी माहिती दिल्याचा शेरा एकदा बसला की तो पुढील प्रत्येक अर्जाचा पाठलाग करतो.

परक्या देशांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या अंगणातही डोकावले पाहिजे. भारतात परदेशी गुंतवणूकदाराला दीर्घ वास्तव्याचा दर्जा देण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. तिची अट १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपयांची गुंतवणूक आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार अशी आहे. मोरजी किंवा हरमलच्या किनाऱ्यावर छोटेसे उपाहारगृह काढू पाहणाऱ्या परदेशी माणसाला ती कधीच झेपणार नाही, आणि त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही. छोट्या परदेशी व्यावसायिकाकडे संशयाने आणि मोठ्या गुंतवणूकदाराकडे आदराने पाहण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

मग करावे काय

व्हिसा कोणता मिळेल, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचा तो प्रश्न असा: आपल्या धंद्याला आपण तिथे राहण्याची खरोखर गरज आहे काय? ग्राहक भेटायचे असतील, प्रदर्शनात माल मांडायचा असेल, करार ठरवायचा असेल तर अमेरिकेचा साधा बी-१ व्यवसाय व्हिसा पुरतो. त्यावर तिथे प्रत्यक्ष काम करता येत नाही, पगार घेता येत नाही, मात्र वितरक नेमता येतो, कंपनीची नोंदणी करता येते. माल साठवायला गोदाम भाड्याने घेता येते आणि ते सांभाळायला तिथलाच माणूस ठेवता येतो. अशा रीतीने दोन वर्षे व्यवसाय झाला, मागणी टिकली, तर पुढे एल-१ए च्या अर्जात सांगण्यासारखे काही जमा होते. त्या वेळी अर्जासोबत विक्रीची बिले असतात. प्रकल्प अहवालातील अंदाजांपेक्षा ती अधिक बोलतात.

कुटुंबातील तरुण पिढीला परदेशी राहायचेच असेल तर त्या इच्छेला उद्योगाचा बुरखा घालू नये. शिक्षण, नोकरी, विवाह हे स्थलांतराचे सरळ मार्ग आहेत आणि त्यांचे गुणदोष ठाऊक आहेत. चालत्या कारखान्याला तारण ठेवून मुलासाठी वास्तव्य विकत घेणे, हा उद्योगाचा विस्तार नव्हे. त्या कारखान्यावर वीस-पंचवीस कामगारांच्या घरच्या चुली अवलंबून असतात, हे विसरून चालत नाही.

शासनाकडून अपेक्षा असेल तर ती माफक ठेवू. गोवा आणि कर्नाटक, दोन्ही सरकारे बाहेरच्या गुंतवणूकदारांना बोलावण्यासाठी परिषदा भरवतात. आपल्या लघुउद्योजकाला बाहेर पाऊल टाकताना परकीय चलनाचे नियम, कंपनीची रचना आणि व्हिसाच्या अटी एका जागी, निःशुल्क आणि त्याच्या भाषेत समजावून सांगणारा एखादा कक्ष औद्योगिक वसाहतीतच उघडला, तर त्याचा खर्च एका परिषदेच्या मंडपापेक्षा कमी येईल. आज ही माहिती त्याला मिळते ती ज्याला तिच्यातून दलाली कमवायची आहे त्याच्याकडून.

लक्ष्मणरावांना माळरान देणारे औंधकर आज कोठे भेटायचे नाहीत. आजच्या राज्यांना तराजू प्रिय आहेत आणि त्यात उद्यमबागच्या माणसाचे एकच वजन खात्रीने भरते: मागे चालू असलेला त्याचा कारखाना. परदेशाचे दार ठोठावताना त्याने तो गमावता कामा नये.